जाण्याचा हक्क आणि सोयीचा हट्ट

आमच्या भटक्या मित्रमंडळींत गेले काही आठवडे एक वाद धुमसतो आहे. ठिणगी पडली ती केरळच्या सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यानावरून. फेब्रुवारीत आम्ही 12 जण तिथे जाऊन आलो. परतल्यावर आमच्यातल्या एकाने मनापासून तक्रार केली: एवढ्या लांबून गेलो, 23 किलोमीटर हाडं खिळखिळी करत जीपमधून आत पोचलो, एका मनोऱ्यावर चढलो, धुकं पाहिलं आणि दुपारपर्यंत परत. धड रस्ता नाही, आत मुक्कामाची सोय नाही, मोठं जनावर म्हणावं तर काहीच दिसलं नाही. सरकारने एक तर नीट रस्ता करावा, राहण्याची व्यवस्था करावी, नाहीतर लोकांना बोलावू नये. त्याला तितक्याच मनापासून उत्तर आलं: मुळात तुम्ही गेलातच कशाला? जगात उरलेली असली मूठभर अरण्यं माणसांना पूर्ण बंदच हवीत. शास्त्रज्ञांनी जावं, बाकीच्यांनी चित्रं पाहावीत. मग दोन तट पडले, आणि सांगलीकडच्या चांदोलीपासून गोव्याच्या दूधसागरपर्यंत सगळी जंगलं या वादात ओढली गेली.

हा वाद व्हायलाच हवा, पण तो फार वाईट रीतीने घातला जातो आहे. दोन्ही बाजू एकच गोष्ट गृहीत धरतात: माणूस अरण्यात गेला की त्याच्या मागोमाग डांबर, हॉटेल आणि गर्दी येणारच. एकाला ते हवं आहे म्हणून तो दार उघडायला सांगतो, दुसऱ्याला त्याची भीती वाटते म्हणून तो कुलूप लावायला निघतो. मला या गृहीतकावरच बोट ठेवायचं आहे. अरण्यात जाण्याचा हक्क सगळ्यांना असायला हवा, पण त्या हक्कात सोयीचा हट्ट बसत नाही. या दोहोंच्या मधली रेघ कुठे मारायची हेही मला ठाऊक आहे असं मी म्हणते: पुढच्या पिढीला जे मागे घेता येईल तेवढंच आपण तिथे करावं. पायवाट बंद करता येते, ती दोन पावसाळ्यांत बुजते. गाड्यांची संख्या एका आदेशाने निम्मी करता येते. रुंद रस्ता, धरण, रोपवे, डोंगर कापून बांधलेलं हॉटेल हे मागे घेता येत नाही. खुलं की बंद यापेक्षा हा प्रश्न अवघड आहे, म्हणून तो टाळला जातो.

आधी ही जागा काय आहे ते सांगते, कारण तक्रारीचं मूळ तिथेच आहे. पालक्काड जिल्ह्यात, निलगिरीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, चहूबाजूंनी उंच कड्यांनी वेढलेलं हे पठार. उत्तरेला 2300 मीटरच्या वर जाणारी शिखरं, मधून वाहणारी कुंतीपुळा नदी. जिथे जीप थांबते त्या जागेचं नाव सैरंध्री. पांडव वनवासात इथे आले होते अशी तिथली समजूत, म्हणून नदी कुंतीची आणि जागा द्रौपदीची. उद्यानाचा मूळ गाभा 89.52 चौरस किलोमीटरचा, म्हणजे मुंबईसारख्या शहराच्या एका लहानशा हिश्श्याएवढा. पण वर्षानुवर्षं या गाभ्यात गाव नाही, शेत नाही, त्यामुळे सह्याद्रीच्या सदाहरित अरण्याचा इतका अखंड तुकडा फार थोड्या ठिकाणी शिल्लक आहे.

आपल्याकडच्या पर्यटकाला जंगल म्हणजे ताडोबा. पानझडीचं रान, उन्हाळ्यात मोकळं झालेलं, पाणवठ्यावर येणारा वाघ, जिप्सीतून लांबवर पोचणारी नजर. सदाहरित अरण्यात नजर पोचतच नाही. 30-40 मीटर उंचीवर झाडांचे शेंडे एकमेकांत गुंतलेले, त्यांच्याखाली आणखी एक थर, त्याखाली आणखी एक. जमिनीपर्यंत उतरेल तेवढाच उजेड तुमच्या वाट्याला. तिथलं आयुष्य डोक्यावर चाललेलं असतं. तुम्हाला कळतं ते कानांनी: महाधनेशाच्या पंखांची वाफेच्या इंजिनासारखी फसफस, कुठून तरी शीळकरी कस्तुराची शीळ, शेकरूने कुरतडून टाकलेलं फळ पानांवर आदळल्याचा आवाज. माझी आई 74 वर्षांची आहे. गुडघ्यांमुळे तिला मनोऱ्यावर चढता आलं नाही, ती खालीच कट्ट्यावर बसून राहिली. संध्याकाळी तिने सांगितलेल्या आवाजांची यादी आमच्या सगळ्यांच्या फोटोंपेक्षा मोठी होती. ‘मोठं जनावर दिसलं नाही’ ही तक्रार खरी आहे, पण ती अरण्याबद्दलची तक्रार नव्हे. आपण पाहण्याची एकच रीत शिकलो आहोत, आणि इथे ती लागू पडत नाही एवढाच तिचा अर्थ.

आता इतिहास, कारण या वादाची उजळणी पन्नास वर्षांपूर्वी याच जागी झाली आहे. सैरंध्रीजवळ नदी एका अरुंद घळीत शिरते. तिथे धरण बांधता येईल हे इंग्रज अभियंत्यांनी 1920च्या दशकातच हेरलं होतं. 1973 साली नियोजन आयोगाने प्रकल्पाला मंजुरी दिली. सुमारे 130 मीटर उंचीचं धरण, सुरुवातीला 120 मेगावॉट वीज, पालक्काड आणि मलप्पुरम जिल्ह्यांत 10,000 हेक्टरांना पाणी, आणि बदल्यात साधारण 830 हेक्टर जंगल पाण्याखाली. प्रकल्पाच्या बाजूने बोलणारे दुष्ट नव्हते. मलबार, म्हणजे केरळचा उत्तर भाग, विजेच्या बाबतीत मागासलेला होता, बेकारी होती, आणि 830 हेक्टर हा एकूण जंगलाचा लहानसा तुकडा आहे हा हिशेबही कागदावर बरोबर होता. या जंगलातल्या सिंहपुच्छ वानराचं नाव पुढे आलं तेव्हा त्यांनी विचारलं: तुम्हाला माणूस महत्त्वाचा की माकड? प्रश्नच असा घातला की उत्तर देणारा आधीच गुन्हेगार ठरावा.

केरळ शास्त्र साहित्य परिषदेने याला दिलेलं उत्तर मला आजही फार मोलाचं वाटतं. गावोगाव विज्ञान सांगत फिरणारी ही संघटना, वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक एम. के. प्रसाद यांच्यासारखी माणसं तिच्यात होती. त्यांनी ‘माकड’ असं उत्तर दिलं नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ, अभियंता, अर्थतज्ज्ञ, शेतीतज्ज्ञ एकत्र बसले आणि त्यांनी विजेचा हिशेब मांडला: मलबारला वीज हवीच आहे, पण ती याच घळीतून यायला हवी का? दुसऱ्या कोणत्या मार्गाने येईल? म्हणजे त्यांनी प्रश्नच बदलला. कवयित्री सुगतकुमारी आणि इतर साहित्यिकांनी लोकांची मनं वळवली, सलीम अलींनी आवाज उठवला, मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी उभी राहिली. मोरारजी देसाईंच्या सरकारने प्रकल्पाला हिरवा कंदील दाखवला होता. पुढे शास्त्रज्ञ एम. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, तिच्यात आपले परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ होते. 1983 साली इंदिरा गांधींच्या काळात प्रकल्प सोडून देण्यात आला, 1984 साली राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं आणि 7 सप्टेंबर 1985 रोजी राजीव गांधींनी त्याचं उद्घाटन केलं. ‘पर्यटन की संवर्धन’ असं आज कोणी विचारलं की मला ‘माणूस की माकड’ ऐकू येतं. तोच साचा आहे. तेव्हा जसा तो मोडावा लागला तसाच आताही मोडायला हवा.

कुलूपवाल्या मित्रांचं म्हणणं मात्र मी झटकून टाकणार नाही, कारण या इतिहासातले दोन पुरावे त्यांच्या बाजूचे आहेत. पहिला असा, की सायलेंट व्हॅली वाचवणाऱ्या हजारो लोकांपैकी बहुतेकांनी ती कधी पाहिलीच नव्हती. सही करणारे विद्यार्थी, सभांना येणारे शिक्षक, कविता ऐकून रडणारी माणसं, त्यांच्यापैकी किती जण सैरंध्रीला गेले असतील? मग प्रेम करायला जावंच लागतं हा दावा कुठे टिकतो? हे मला मान्य आहे. न पाहिलेल्या अरण्यासाठीही माणूस लढू शकतो. पण त्या लढणाऱ्यांच्या हातात काय होतं ते पाहा. कोणीतरी चालत आत गेलं होतं. सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे जाऊन आले आणि त्यांनी धोक्याची सूचना दिली. स्टीव्हन ग्रीन आणि कॅरन मिन्कोव्स्की यांनी सिंहपुच्छ वानरांचा अभ्यास केला, म्हणून त्या माकडाला नाव आणि महत्त्व मिळालं. प्राध्यापक आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन गेले. जाऊन आलेल्या थोड्यांनी सांगितलं म्हणून न गेलेल्या अनेकांनी ऐकलं. कुलूप लावलं तर पहिले थोडे कुठून येणार? आणि ते फक्त शास्त्रज्ञच असावेत असं का? धरणाचा आराखडा करणारेही तज्ज्ञच होते. अरण्याचे साक्षीदार सरकारी परवानापत्र असलेल्या पन्नास लोकांपुरते मर्यादित ठेवले, तर उद्या त्या पन्नासांना गप्प करणं किती सोपं आहे!

त्यांचा दुसरा पुरावा अधिक बोचरा आहे, आणि तो थेट माझ्या भूमिकेवर येतो. 1976-77 मध्ये केंद्राच्या पर्यावरण समितीने निसर्गतज्ज्ञ झफर फतेहअली यांच्या नेतृत्वाखाली एक अभ्यासगट नेमला. गटाने सांगितलं, प्रकल्प सोडून द्या. पण पुढे जोडलं, सोडता येतच नसेल तर अमुक अमुक अटी पाळा. झालं! राज्य सरकारने पहिलं वाक्य बाजूला ठेवलं, अटी उचलल्या, अटी पाळण्याचं आश्वासन दिलं आणि प्रकल्प पुढे रेटला. सद्हेतूने लिहिलेल्या अटीच प्रकल्पाची शिडी झाल्या. तेव्हा कुलूपवाले मला म्हणतात: तू ‘अटींवर जाऊ द्या’ म्हणतेस, पण अटी नेहमी खाल्ल्या जातात. आज रोज वीस जीप, उद्या चाळीस, परवा बस, आणि मग बससाठी रस्ता. आधी चौकी, मग चौकीशेजारी उपाहारगृह.

हे भय खोटं नाही. मी त्याला एवढंच उत्तर देऊ शकते की अटींमध्येही जात असते. धरणाला घातलेली अट धरण बांधून झाल्यावर मोडली, तर उपाय उरत नाही, 830 हेक्टर पाण्याखाली गेलेले असतात. रोजच्या गाड्यांच्या संख्येची अट मोडली, तर पुढच्या वर्षी ती पुन्हा लावता येते, आणि अरण्य तेवढी चूक सोसतं. ते किती सोसतं याचा दाखला याच डोंगरात आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी कोळिकोडहून उटीला चढण्यासाठी सिस्पारा घाटातून वाट पाडली, काही काळ वापरली आणि सोडून दिली. जंगलाने ती गिळून टाकली. पायाने आणि घोड्याच्या टापांनी केलेली जखम ते भरून काढू शकलं. म्हणून मी ‘अटींवर परवानगी’ एवढ्यावर थांबत नाही. जिथे अट मोडल्याचं नुकसान भरून येणार नाही, ती गोष्ट कोणत्याही अटीवर नको. फतेहअली समितीच्या अनुभवातून मी काढलेला धडा हाच आहे. आणि हे भय जुनं झालं असंही कोणी समजू नये. उद्यान जाहीर होऊन वीस वर्षं होत आली असताना, त्याच नदीवर थोडं खाली, उद्यानाच्या हद्दीबाहेर, पात्रक्कडवू इथे नवा वीजप्रकल्प पुढे आणण्यात आला होताच.

मग रस्ता का नको? माझ्या मित्राचा प्रश्न साधा आहे: रस्ता आधीच आहे, तो चार मीटर रुंद केला आणि डांबर टाकलं तर काय बिघडेल? चार मीटर हा पुन्हा एकदा कागदावर बरोबर असलेला हिशेब. पण सिंहपुच्छ वानर हा शेंड्यांवर राहणारा प्राणी आहे. फांदीवरून फांदीवर जात तो आयुष्य काढतो, जमिनीवर फारसा उतरत नाही. कलेनिया नावाच्या उंच वृक्षाची मांसल फुलं आणि काटेरी फळं हा त्याचा मोठा आधार. उन्हाळ्याच्या तोंडावर फळं कमी असताना टोळी या फुलांवर दिवस काढते आणि त्यासाठी झाडामागून झाड असं लांब फिरते. रस्ता अरुंद असला की दोन्ही बाजूंच्या फांद्या वर एकमेकींना भिडतात, त्याचं छप्पर शाबूत राहतं. रुंद केला की छप्पर फाटतं, ऊन खाली उतरतं, ओलावा जातो, कडेला बाहेरचं तण माजतं, आणि टोळीपुढे दोनच पर्याय राहतात: अलीकडे अडकून पडणं किंवा खाली उतरणं. खाली उतरल्यावर काय होतं ते बघायला तमिळनाडूतल्या अनामलाईच्या डोंगरात, वालपराईला जावं. चहाच्या मळ्यांनी जंगलाचे तुकडे केले, उरलेल्या तुकड्यांतली वानरं रस्त्यावर आली, काही गाड्यांखाली मेली, काहींना पर्यटकांच्या हातच्या खाऊची सवय लागली. तिथे नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनच्या लोकांनी झाडाझाडांमध्ये पूल टांगले, आणि वानरं ते वापरतातही. ते काम थोर आहे. पण तुटलेलं जोडायला पूल बांधणं आणि जे तुटलेलं नाही ते आपल्या पाठदुखीसाठी तोडणं, यांत काही फरक करायचा की नाही?

सोयीच्या बाजूचा खरा सबळ मुद्दा वेगळाच आहे, आणि तो माझ्या मित्राने मांडला नाही म्हणून मीच मांडते. गैरसोय सर्वांना सारखी लागत नाही. तरुण, धडधाकट, आठवड्याची रजा काढू शकणाऱ्या माणसाला पायवाट म्हणजे मौज. माझ्या आईला, चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला, कडेवर मूल असलेल्या बाईला ती बंद दारच आहे. ‘अरण्य कष्टानेच पाहावं’ असं म्हणणाऱ्यांना हे दिसत नाही, आणि त्यांच्या बोलण्यात मला कधीकधी सोवळ्याचा वास येतो. म्हणून मी जीप बंद करा म्हणत नाही. जंगलाच्या तोंडाशी असलेल्या मुक्कालीहून वनखात्याच्या व्यवस्थेतली ठरावीक वाहनं सकाळपासून आत जातात, सोबत वाटाड्या असतो, खासगी गाडी आत नेता येत नाही. ही पद्धत मला जवळजवळ आदर्श वाटते. त्याच हळू जीपमधून आई सैरंध्रीपर्यंत आली. तिथे बसायला सावलीतली चांगली बाकं हवीत, स्वच्छ शौचालय हवं, चाकाची खुर्ची जाईल असा शंभर पावलांचा सपाट लाकडी मार्ग हवा. हे सगळं उचलून नेता येतं, मोडून टाकता येतं. अपंगांचं नाव घेऊन रुंद रस्ता मागायचा आणि तो झाल्यावर त्यावरून सुट्टीच्या दिवशी शंभर गाड्या न्यायच्या, ही मात्र फसवणूक आहे.

गर्दी आवरायची तर कशाने? इथे जगात दोन रस्ते दिसतात. एक पैशाचा. रवांडाने 2017 साली डोंगरी गोरिला पाहण्याच्या परवान्याची किंमत 750 वरून एकदम 1,500 डॉलर केली. एका गोरिला कुटुंबापाशी दिवसाला आठच माणसं, फक्त एक तास. शेजारच्या युगांडात ब्विंडीच्या घनदाट डोंगरी अरण्यातही अशीच मोजून माणसं नेतात. याचा गोरिलांना फायदा झाला हे नाकारता येत नाही. 2018 मध्ये त्यांची संख्या हजाराच्या वर गेली आणि नष्टप्राय प्राण्यांच्या यादीत त्यांना सर्वांत गंभीर पायरीवरून एक पायरी अलीकडे आणण्यात आलं. जगात जवळजवळ सगळी मोठी वानरं घटत असताना ही वाढली, हे पर्यटनाच्या पैशाशिवाय झालं नसतं. पण ब्विंडीची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाणं अन्याय होईल. 1991 साली ते राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या त्या जंगलात राहणारे बाट्वा लोक बाहेर काढले गेले. जमीन नाही, भरपाई नाही. 2021 मध्ये युगांडाच्या घटनात्मक न्यायालयाने त्यांच्यावर अन्याय झाल्याचं मान्य केलं, तोवर तीस वर्षं लोटली होती. ज्या अरण्यात परदेशी पाहुणा एका तासासाठी शेकडो डॉलर मोजून जातो, त्यात ज्याचे पूर्वज मध गोळा करत होते त्याला पाय ठेवायची मुभा नाही. ही व्यवस्था गोरिला वाचवते, तरीही मी तिला न्याय्य म्हणणार नाही.

दुसरा रस्ता रांगेचा. आधी नाव नोंदवा, ठरावीक आकडा भरला की पुढची तारीख घ्या, तिकीट सगळ्यांना परवडेल असं. साताऱ्याच्या कासला दिवसाला 3,000 माणसांची मर्यादा आणि आगाऊ नोंदणी आहे. ती मर्यादा अनेकांना अजूनही जास्त वाटते, मलाही वाटते. पण तत्त्व बरोबर आहे. गैरसोय व्हायचीच असेल तर ती श्रीमंताची आणि गरिबाची सारखी व्हावी. तीन महिने थांबावं लागलं म्हणून कोणाचं काही बिघडत नाही. तिरुपतीला आपण तासन्‌तास उभे राहतोच की.

राहिला रोजगाराचा मुद्दा. स्थानिकांना काम मिळायला हवं, यावर दुमत नाही. पण काम कोणाला मिळतं ते बघायला हवं. सायलेंट व्हॅलीच्या पूर्वेला अट्टप्पाडी आहे. इरुळा, मुडुगा, कुरुंबा या आदिवासी समाजांचं हे खोरं, केरळमधलं सर्वांत गरीब खोऱ्यांपैकी एक. आमच्यासोबतचा वाटाड्या तिथलाच होता. पानाचा वास घेऊन झाड ओळखायचा, जळवा लागल्यावर आम्ही ओरडलो की शांतपणे मीठ काढायचा. आत मोठं हॉटेल झालं तर त्याला तिथे काय काम मिळेल? सामान उचलायचं, बाग झाडायची. आज तो आमचा शिक्षक आहे, आमच्यापैकी प्रत्येकाने त्याला प्रश्न विचारले. गाड्या कमी, माणसं कमी, पण प्रत्येक गटाला स्थानिक वाटाड्या सक्तीचा, त्याला पगार नियमित, आणि मुक्काम बाहेर गावातल्या घरांमध्ये, असं ठेवलं तर पैसा त्याच्या अंगणात जातो. आज तो पुरेसा जात नाही, ही तक्रार करायची असेल तर मी माझ्या मित्राच्या शेजारी उभी राहीन. आणि ‘उद्यानाबाहेर काहीही बांधा’ यालाही माझी सहमती नाही. जुलै 2024 मध्ये वायनाडचा डोंगर खाली आला, शेकडो माणसं गेली. त्याचं खापर एकट्या पर्यटनावर फोडता येणार नाही, पाऊस अतोनात होता, डोंगराचा वापर दीडशे वर्षं बदलत आला होता. पण नाजूक उतारांवर काय बांधावं आणि काय नाही, हे सांगणारा पश्चिम घाटावरच्या गाडगीळ समितीचा 2011 सालचा अहवाल आपल्यापुढे आहे, आणि केरळइतकाच महाराष्ट्राने आणि गोव्यानेही तो दूर सारला.

गाडगीळांचं नाव निघालं म्हणून आणखी एक गोष्ट. मेनन समितीवर जाण्याआधी त्यांनी आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तकांनी सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला होता. देवराई बंद होती का? नव्हती. लोक आत जात, जत्रा भरे, झरा असला तर त्याचं पाणी गावाला मिळे. मग ती खुली होती का? तसंही नाही. चपला बाहेर, वाळलेली काटकीही उचलायची नाही, फांदी तोडली तर दंड, नडीला औषधी पाला घ्यायचा तो विचारून. जाणं आणि घेणं यांतला फरक आपल्या गावांनी आपल्या भाषेत केलेला होता. देवराईचं उदाहरण मी आंधळेपणाने देत नाही. अनेक ठिकाणी बायकांना आत मज्जाव होता, काही जातींना होता, आणि तो नियम अरण्यासाठी नव्हता, माणसांच्या उतरंडीसाठी होता. तेवढा टाकून द्यावा. बाकीचा नियम आजच्या उद्यानांच्या फलकांपेक्षा शहाणा आहे.

हे सगळं आपल्याला का हवं? कारण चांदोलीचं काय करायचं ते अजून ठरायचं आहे. 2004 साली राष्ट्रीय उद्यान झालं, 2010 साली कोयनेसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेलं, 2012 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आलं, सायलेंट व्हॅलीसोबतच. तिथल्या सदाहरित आणि निमसदाहरित रानासाठी आपण गावं उठवली. त्या गावांतली माणसं आज सांगली-कोल्हापूरच्या वसाहतींत आहेत, आणि गावदेवीला जायचं तरी त्यांना परवानगी मागावी लागते. आता ‘पर्यटन वाढवा’ ही मागणी जोर धरते आहे. वाढवाच, पण आधी ज्यांनी घर सोडलं त्यांच्या पायांना वाट द्या. वाटाडे त्यांच्यातून घ्या, आंब्याफणसाची जुनी झाडं कोणाची होती ते त्यांच्या तोंडून ऐका. दूधसागरला बंदी असताना रेल्वेच्या रुळांवरून चालत जाणारी पोरं पाहिली की आपण त्यांना बेशिस्त म्हणून मोकळे होतो. त्यांना जायचं कसं हे आपण कधी शिकवलं? बंदी आणि हुल्लड याखेरीज तिसरं काही त्यांनी पाहिलेलंच नाही.

तक्रार करणारा माझा मित्र त्या दिवशी आमच्याच जीपमध्ये होता. परतताना सैरंध्रीपासून थोड्या अंतरावर चालकाने अचानक गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं. डोक्यावर फांद्या हलत होत्या. काळी अंगं, चेहऱ्याभोवती करडी आयाळ. मागच्या बाकावरून कोणीतरी हॉर्न वाजवायला सांगितलं, चालकाने मान हलवली. आम्ही मोजत राहिलो. एक, दोन, पाच, नऊ. माझा मित्र टपाखालून मान बाहेर काढून बघत होता, फोन त्याच्या हातात होता आणि तो वापरायचा राहून गेला होता. सगळ्यांत शेवटी एक मादी पोटाशी पिल्लू धरून रस्त्यावर झुकलेल्या फांदीच्या टोकापर्यंत आली, थांबली, पलीकडच्या फांदीचा अंदाज घेतला आणि झेपावली. त्या दोन फांद्यांमध्ये अंतर असेल फार तर दोन हात.